पिलर पॉइंटच्या बाहेर

शरयू वासनिकला पाण्याची भीती होती आणि ती तिने कधी लपवली नाही. सनीव्हेलच्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये छोटासा स्विमिंग पूल होता. त्याच्या कडेने जायचं तरी ती भिंतीच्या बाजूने चालायची. लेक मीरा बारा वर्षांची, मासोळीसारखी पोहायची. "आई, इट्स ओन्ली फोर फीट," म्हणून हसायची.

तिचं माहेर उमरेडजवळचं. गावाला चांगलं मोठं तळं होतं, पण त्याच्या घाटावर यांच्या वस्तीने पाय ठेवायचा नाही असा गावाचा दंडक. त्यामुळे बाकीची पोरं उन्हाळाभर तळ्यात डुंबत असताना वस्तीतली पोरं लांबून पाहत उभी राहायची. शरयू सात वर्षांची असताना तिचा मामेभाऊ नाल्याच्या पुरात गेला. काठावर तीसेक माणसं होती, सगळी आपलीच, धडधाकट. त्यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं. मामा काठावरून पळत पळत पुराच्या बरोबरीने किती लांब गेला, ते तिने पाहिलं होतं. पुढे वडील मास्तर होऊन नागपुरात आले. छप्पन्न साली त्यांचं बोट धरून ती दीक्षेला गेली. शाळा झाली, बीएस्सी झाली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागे ती कॅलिफोर्नियात पोचली. तळं मागे राहिलं. पाण्याची भीती मात्र तशीच राहिली.

आता ती एका चिप कंपनीत इन्स्पेक्शनला होती. आठ तास डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालून मायक्रोस्कोपमध्ये पाहायचं आणि वेफरवरचे, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवरचे, ओरखडे टिपायचे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं सुपरवायझरसुद्धा म्हणायचा. नवरा एकनाथ दुसऱ्या कंपनीत मशीन मेंटेनन्सला होता. हसरा आणि मोठ्या आवाजाचा. एकदा काही डोक्यात घेतलं की सोडायचा नाही. पंचाऐंशी साली त्याने सालमन मासेमारी डोक्यात घेतली. ऑफिसातल्या शैलेंद्रबरोबर भागीदारीत सोळा फुटांची एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी घेतली. मागे मोटर, पुढे इतर होड्यांशी बोलायचा एक छोटा रेडिओ. दर शनिवारी दोघं ती गाडीमागे ओढत डोंगर ओलांडून हाफ मून बेला जायचे आणि पिलर पॉइंटच्या बंदरातून समुद्रात उतरायचे. ते परत येईपर्यंत शरयू खिडकीशी बसून राहायची.

शहाऐंशीच्या जुलैतल्या एका शनिवारी शैलेंद्रची कंबर धरली. त्याने येणं कॅन्सल केलं.

"मी एकटाच जाऊन येतो," एकनाथ म्हणाला.

"एकटे? समुद्रात?"

"काही होत नाही गं. तलावासारखं असते पाणी."

शरयूने रात्रभर विचार केला. होडीत बसायची कल्पनाच नको वाटत होती. पण तो एकटा गेला आणि आला नाही, तर आपण इथे खिडकीशी बसून काय करणार, हा विचार त्याहून वाईट होता. पहाटे तिने डबा भरला, मीराला शेजारच्या कांचनकडे पोचवलं आणि गाडीत जाऊन बसली. एकनाथ पाहतच राहिला. मग इतका खूष झाला की डोंगर चढेपर्यंत त्याची बडबड थांबली नाही.

धक्का सोडताना तिने केशरी लाइफ जॅकेट घट्ट बांधलं. एकनाथने स्वतःचं जॅकेट ढुंगणाखाली घेतलं. "घाला ना," ती म्हणाली. "गरम होते," तो म्हणाला. जुलै असून दोघांच्याही अंगात स्वेटर होते.

बंदराच्या तोंडापाशी धुक्यातल्या होड्यांना इशारा देणारा भोंगा दर थोड्या वेळाने वाजत होता. बाहेर पडल्यावर आभाळ आणि पाणी एकाच राखाडी रंगाचं दिसत होतं. आजूबाजूला आठदहा होड्या होत्या म्हणून शरयूला जरा धीर आला. एकनाथने दोन गळांना बांगड्याएवढा एकेक मासा अडकवला, दोऱ्यांना शिशाचे गोळे लावले आणि दोन्ही गळ खाली सोडले. मग मोटर अगदी हळू करून होडी पुढे चालत ठेवायची आणि वाट पाहायची. एवढंच काम. शरयू दोन्ही हातांनी फळी धरून बसली होती. लाट यायची, होडी वर जायची, खाली यायची, आणि प्रत्येक वेळी तिचं काळीज एक क्षण वरच राहायचं.

तासाभरात धुकं दाटलं. आधी लांबच्या होड्या गेल्या, मग जवळच्या. मग होडीच्या चारही बाजूंना वीसपंचवीस हातांचं पाणी तेवढं उरलं. शरयू म्हणाली, "चला आता." एकनाथ होकायंत्राकडे पाहत म्हणाला, "दहा मिनिटं."

त्या दहा मिनिटांतच गळ लागला. गळाची काठी कमानीसारखी वाकली, दोरी कर्रकर्र आवाज करत सुटली. एकनाथ ओरडत उभा राहिला. मासा मोठा होता. पंधराएक मिनिटं तो ओढत होता, सोडत होता, घामाघूम झाला होता. शेवटी पाण्यात एक चंदेरी कूस चमकली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात जाळं घेऊन तो काठावर वाकला. तेवढ्यात खालून काळं, चकचकीत धूड आलं. समुद्रसिंह, सी लायन. त्याने मासा धरला आणि हिसका दिला. काठी सोडून द्यायची हे एकनाथला सुचलं नाही. होडी कलली आणि तो डोक्याकडून पाण्यात गेला.

फार आवाजसुद्धा झाला नाही.

तो वर आला तेव्हा होडीच्या मागे पाचसहा हातांवर होता. मग दहा हातांवर. मोटर चालूच होती आणि होडी आपली हळूहळू पुढे चालली होती, त्याला मागे टाकून. त्याचं तोंड उघडं होतं, पण थंडीने आवाज फुटत नव्हता. शरयूने बसायची तरंगती गादी उचलून फेकली. ती त्याच्या अलीकडे पडली. मग धुक्यात त्याचं डोकं करडं झालं आणि दिसेनासं झालं.

"अहो!" ती ओरडली. "अहो! बोला ना!"

धुक्यातून खोकल्याचा आवाज आला. कुठून, ते कळेना.

होडीत उभं राहायची तिची छाती नव्हती. ती गुडघ्यांवर रांगत मागे गेली आणि मोटरचा दांडा धरला. एकनाथ तो कसा धरतो हे सकाळपासून तिने पाहिलं होतं. भीतीपोटी तिने प्रत्येक गोष्ट पाहिली होती. दांडा उजवीकडे ढकलला तर होडी डावीकडे गेली. तिला वाटलं, चुकलंच. मग लक्षात आलं, हे उलटं आहे. दांडा तसाच दाबून धरत तिने होडी गोल फिरवली.

"आवाज द्या! आवाज देत राहा!"

"इकडे..." तो म्हणाला. आवाज बारीक, परक्या माणसासारखा. तिने तिकडे तोंड वळवलं. काही नाही. नुसतं राखाडी. पुन्हा "शरयू" असं ऐकू आलं, आता पाठीमागून. ती पुन्हा वळली. मामा काठाकाठाने पळत होता, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने दात आवळले आणि नुसते कान लावले.

तिसऱ्या फेरीला गादी दिसली. गादीला छातीशी धरून एकनाथ होता. ओठ जांभळे, डोळे तिच्याकडे लागलेले पण बघत नसल्यासारखे.

त्याला मागून, मोटरच्या बाजूने चढवावं लागणार होतं. बाजूने ओढला असता तर होडीच उलटली असती. पण मागे पंखा फिरत होता. मोटर बंद करावी तर पुन्हा चालू करता येईल का? चालू ठेवावी तर त्याचे पाय. शरयूने बटण दाबलं. मोटर थांबली आणि एकदम इतकी शांतता झाली की तिला स्वतःचे दात वाजलेले ऐकू आले.

तिने दोरीचं एक टोक होडीच्या कडीला बांधलं, दुसरं त्याच्या काखेतून घेऊन आवळलं. "मोटरवर पाय ठेवा. खाली पत्रा आहे बघा, त्याच्यावर."

"पाय नाही समजून राहिला," तो म्हणाला.

"ठेवा म्हणते ना!"

अठ्ठेचाळीस किलोची ती बाई. तिने पाय फळीला लावले, त्याच्या पट्ट्याला धरलं आणि लाट होडीला खाली नेत होती तेव्हा सगळं अंग मागे टाकलं. दोनदा तो निसटून परत गेला. तिसऱ्यांदा पोटावर आत आला, बरोबर बादलीभर पाणी घेऊन. तो थरथरत होता. तिने त्याचा ओला स्वेटर काढला, आपलं जॅकेट आणि स्वेटर त्याच्यावर घातलं, ताडपत्रीत गुंडाळलं. मग मोटरची दोरी ओढली. एकदा, पाच वेळा, वीस वेळा. मोटर गुरगुरायची आणि गप्प व्हायची.

तिने रेडिओचा माइक हातात घेतला. तोंडातून मराठीच बाहेर पडलं. "कोणी आहे का? माझा माणूस पाण्यात पडला होता हो, कोणी आहे का?" मग भानावर येऊन तेच इंग्रजीत सांगितलं.

थोडी खरखर झाली आणि एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. त्याने नाव सांगितलं, मॅन्युएल. सावकाश, तोडून तोडून बोलत होता. बाई, तुम्हाला काय दिसतंय?

"काही नाही. धुकं."

मग ऐकू काय येतंय?

शरयूने कान दिला. "भोंगा. आणि पाण्याचा आवाज. खडकावर आपटल्यासारखा. आधी नव्हता."

मॅन्युएलचा आवाज एकदम बदलला. मग त्याने विचारलं, नांगर आहे का? आहे म्हणताच तो म्हणाला, आत्ता टाका. माझ्याशी बोलू नका, आधी टाका.

तिने टाकला. दोरी सरसरत गेली, ताणली, पुन्हा ढिली पडली. नांगर तळावर घसरत होता. फुटणाऱ्या लाटांचा आवाज आता वेगळा ओळखू येत होता. आधी घुमल्यासारखा, मग फाटल्यासारखा. पाण्यावर फेसाचे पट्टे वाहत आले. तिने सगळी दोरी सोडली. होडीला एक हिसका बसला आणि तिचं नाक समुद्राकडे वळून थांबलं.

"धरला," ती माइकमध्ये म्हणाली.

आता आवाज करा, मॅन्युएल म्हणाला. काहीही वाजवा आणि थांबू नका.

तिने जेवणाचा स्टीलचा डबा उपडा केला, पोळ्या होडीच्या तळाच्या पाण्यात पडल्या, आणि झाकणाने डबा बडवायला सुरुवात केली. पायाशी एकनाथ होता. त्याचं थरथरणं थांबलं होतं. ते बरं की वाईट, हे तिला कळत नव्हतं. ती एका हाताने बडवायची, पायाने त्याला ढोसायची आणि विचारायची, "मीराची जन्मतारीख सांगा. सांगा!" तो आधी बरोबर सांगायचा. मग महिना चुकला. मग नुसतं हं म्हणाला.

किती वेळ गेला, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मॅन्युएल म्हणायचा, पस्तीस मिनिटं. धुक्यातून आधी इंजिनाची धडधड आली, मग एका होडीचं निळं नाक, मग पिवळ्या रबरी कपड्यांतला पांढऱ्या मिशांचा म्हातारा, मॅन्युएलच. शरयू डबा बडवतच राहिली. त्याने होडीत उतरून तिच्या हातातून झाकण काढून घेतलं, तेव्हा थांबली.

एकनाथ दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. घरी आल्यावर त्याने आठवड्यात होडी विकायला काढली. शैलेंद्रनेही होकार दिला. त्यानंतर एकनाथ समुद्राचं नाव काढत नसे. आवाजही थोडा खाली आला होता. शरयूला वाटलं, आता आपल्यालाही सुटल्यासारखं वाटेल. पण झालं उलटंच. वेफर पाहतानाही तिला धुकं दिसायचं. एकच विचार यायचा की तो दहा हात लांब होता आणि आपल्याला त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

सप्टेंबरात तिने शहराच्या तरणतलावात नाव घातलं. एकोणचाळिसाव्या वर्षी. पहिल्या दिवशी पायऱ्यांवर उभी असतानाच तिला उलटी झाली. तीन आठवडे तिने काठ सोडला नाही. कांचन म्हणाली, "कशाला जीव काढतेस, होडी तर विकली ना?" शरयू म्हणाली, "पाणी तर विकलं नाही ना." पुढच्या वर्षी मेमध्ये तिने लांबीची एक फेरी पूर्ण केली आणि बाहेर येऊन बाकावर अर्धा तास बसून राहिली.

मॅन्युएल आणि त्याची बायको अधूनमधून फोन करायचे. त्याच जूनमध्ये त्याने मासेमारीला बोलावलं, तेव्हा एकनाथ धक्क्यावरच थांबला आणि शरयू गेली. दिवस लख्ख होता, डोंगर स्पष्ट दिसत होते. तिने एक सालमन ओढून काढला, बारा पौंडांचा. सगळे ओरडले. तिला मात्र तो चमकता मासा वर येताना भीतीच वाटली. त्याच्या खालचं पाणी पाहत ती काठापासून दोन पावलं मागेच उभी राहिली होती.

तरी ती दर वर्षी एकदा जाते. मॅन्युएलच्या बायकोने एकदा विचारलं, तू सारखी काय पुटपुटतेस? शरयू हसली आणि सांगितलं नाही. होडीत चार माणसं असली की दर थोड्या वेळाने ती एक, दोन, तीन, चार असं ओठातल्या ओठात मोजते. चार भरले की लाटेकडे पाहते आणि पुन्हा एकपासून सुरू करते.