नागावची विहीर आणि माझं चार पानी पत्र

चि. सदाशिव यास, आणि तुझ्याभोवती हे पत्र ऐकायला बसलेल्या सगळ्यांना, अनेक आशीर्वाद.

आधी प्रकृतीचं. सदाशिवा, तुझा खोकला कसा आहे? मी लिहून पाठवलेला अडुळशाचा काढा दोन्ही वेळा घेतोस ना? सूनबाईंची पाठ लसणीच्या तेलाने सैल झाली का? वहिनींच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, गुडघ्याला एरंडाची पानं बांधायला सांगितली होती, ती बांधता ना? आणि बाळ्याला पहाटे गार पाण्याने अंघोळ घालायची, ती चालू आहे का? या चारही प्रश्नांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे, तेव्हा उत्तरं घाईने ठरवू नका.

तुम्ही दिवाळीनंतर गोदाआत्याकडे नागावला जायचं म्हणता, म्हणून मी नुकताच तिथून आलो तो सगळा प्रवास लिहितो. मला एकाएकी जावंसं का वाटलं, तेही सांगतो. पौषात विष्णुपंतांचं, म्हणजे गोदेच्या यजमानांचं, पत्र आलं होतं. वाडीत साठ नव्या पोफळी लावल्या आहेत, गेल्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पुरेसं होईना, काय करावं? मी चार पानी उत्तर लिहिलं. विहीर आणखी तीन हात खाली न्यावी, कशी न्यावी, माती कुठे टाकावी, सगळं चित्र काढून. आमच्या सासवडकडे पाणी आटलं की माणूस खालीच जातो, दुसरं काही आम्हाला ठाऊक नाही. नंतर गोदेची दोन पत्रं आली, त्यात विहिरीचा शब्द नव्हता. काम झकास झालं असणार, आता डोळ्यांनी पाहून यावं, असं मनाने घेतलं आणि वैशाखात पिशवी भरली.

पहाटेच्या गाडीने पुण्याहून कर्जत, तिथे गाडी बदलून खोपोली. खोपोलीला पेणची मोटार उभी असते, पण भरल्याशिवाय हलत नाही. तेवढ्यात चहा प्यावा. पेणहून धरमतर. तिथे खाडी आडवी येते आणि मोटारीतून उतरून तरीने, म्हणजे नावेने, पलीकडे जावं लागतं. मी पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. नाव चिखलापलीकडे लांब पाण्यात उभी, मी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, वहाणा डोक्यावर. शेजारी एक म्हातारी कोळीण रिकामी पाटी घेऊन ऐटीत चालली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, भरतीला इचारून निघाला असतास तर पाय सुके ऱ्हायले असते."

मी म्हटलं, "आमच्याकडे भरती नसते हो."

"मंग तुमी कुनाला इचारून निघता?" ती म्हणाली, आणि पुढे गेली.

तुम्ही मुंबईहून येणार, तेव्हा आगबोटीने रेवसला उतरा. हा चिखल तुम्हाला लागणार नाही. रेवसहून अलिबागेपर्यंत मोटार किंवा टांगा मिळतो. टांगेवाला आठ आणे म्हणाला तर सहावर येतो. मी रात्र अलिबागेच्या धर्मशाळेत काढली. सकाळी विष्णुपंतांचा गडी राघो बैलगाडी घेऊन हजर. पन्नाशीचा, सडपातळ, बोलायला मोकळा, विष्णुपंतांना भाऊ म्हणतो. वाट वाळूची, दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं, वर माड, माडांच्या सावलीत पोफळी, पोफळींवर चढलेले मिरवेल. उन्हाळा आहे हे अंगाला कळत नाही. उजव्या हाताला समुद्र, पण दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

गोदेने दारातच गूळपाणी दिलं. पाणी असं गोड, की मनात म्हटलं, वा, आपल्या पत्राची ही चव. संध्याकाळी विहिरीजवळ अंघोळीला बसलो. तिथे एक काळाशार, गुळगुळीत दगड होता, दोन हात लांब-रुंद. अंघोळीला इतका उत्तम दगड मी पाहिलेला नाही, असं मी गोदेला सांगितलंदेखील. ती लगबगीने आत वळली. एवढंच की साबणाला फेस येईना. सासवडच्या दुकानदाराने वाईट साबण गळ्यात मारला म्हणून मी मनातल्या मनात त्याला बोल लावला.

जेवणाचं लिहायला हवं, नाहीतर सूनबाई रागावतील. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कैरीची आमटी, फणसाची भाजी. दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांनी मला शेत दाखवलं. वाडीमागे त्यांचा भाताचा तुकडा आहे. आता तिथे राब भाजून झाला होता. पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्या राखेत पावसाच्या तोंडावर पेरा. आषाढात लावणी. दिवाळीच्या सुमारास कापणी, आणि भात निघालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टोचतात. वालाला पाणी द्यावं लागत नाही, थंडीतल्या दवावर येतो. मग सुपारी उतरवायची, वाळवायची, सोलायची. वैशाखात आगोट, म्हणजे चार महिने दार उघडता आलं नाही तरी घर चालेल एवढं भरून ठेवायचं. गोदेच्या अंगणात मिरच्या, आमसुलं, कुरडया अशा पसरल्या होत्या की पाऊल टाकायला जागा नव्हती.

"आणि रहाट?" मी विचारलं. विहिरीवर रहाट होता, मातीच्या मडक्यांची माळ होती, पन्हळ होती, पण ते सगळं कोरडं.

"बैलाच्या खुराला लागलंय," विष्णुपंत म्हणाले.

आता हाच बैल मला अलिबागेहून गाडीने घेऊन आला होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर गोदा डोक्यावर हंडा घेऊन शेजारच्या वाडीतून येत होती आणि तिच्यामागे विष्णुपंत खांद्यावर कावड घेऊन. कावडीचं पाणी ते नव्या पोफळींच्या आळ्यांत तांब्या तांब्याने घालत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. रोपांची शेंड्याकडची पानं टोकापासून पिवळी पडत आली होती. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. ही दोन वर्षांची, लेकरासारखी वाढवलेली. मी विहिरीत उतरलो, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. खारट. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट.

वर राघो बिडी ओढत बसला होता. मी विचारलं, हे कसं झालं?

"गोडं पानी हलकं, दादा. त्ये वर असतं. खारं खाली निजलेलं हाय. थोरल्या भाऊंनी, म्हंजे आमच्या भाऊंच्या वडलांनी, त्याच्या छातीवर धोंडा ठेवलावता. हितवर खनायचं, म्होरं न्हाय. रहाट बी सकाळ-संध्याकाळ दोन घटका, जास्ती फिरवायचा न्हाय. हिरीला झिरपायला येळ द्यायचा. पन कोनी घाटावरचा शाना हाय, त्यानं चार पानं लिवून धाडली. चित्र पन काढलंवतं. भाऊंनी धोंडा काढला आन् खाली खनलं. आता गाव म्हनतो, समिंदर वाडीच्या भायेर ऱ्हातो, ह्यांनी आत घेतला."

"त्या शहाण्याचं नाव काय?"

"भाऊंनी नाव न्हाय सांगितलं. कितीदा इचारलं."

"आणि तो धोंडा?"

राघोने बिडीने दाखवलं. मी अंघोळीला बसत होतो तो.

मी म्हटलं, "राघो, तो शहाणा मीच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बिडी विझवली, कानावर ठेवली. "व्हय? मंग खनलेलं भरताना टोपली तुमी पन उचला."

घरात गेलो. विष्णुपंतांना म्हटलं, "मला कळवलं का नाहीत?"

ते खाली बघून म्हणाले, "तुम्ही वडील माणूस. एवढं मनापासून लिहिलंत. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आतून गोदा म्हणाली, "आणि कळवलं असतं तर दादा, तू लगेच पाच पानी पाठवलं असतंस."

मग पुढचे दोन दिवस आम्ही सगळे विहिरीत. ओहोटीला विहिरीचंही पाणी थोडं उतरतं, तेवढ्या वेळात रहाटाने उपसायचं आणि भराव घालायचा. काय घालायचं ते राघो आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ ठरवत होते. खाली चिकणमाती, धुम्मसाने ठोकून, वर धुतलेली वाळू. मला वाटत होतं की वाळू आधी घालावी. तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळून मी टोपली उचलली. जुन्या तळापर्यंत भराव आल्यावर चौघांनी दोरखंड लावून तो दगड खाली सोडला. गोदेने वरून हळदकुंकू टाकलं. विष्णुपंतांनी वडिलांचं नाव घेतलं आणि बराच वेळ वर आले नाहीत.

पाणी गोड झालं का? नाही. एवढ्यात होणारही नाही. राघो म्हणतो, पावसाचं गोडं पाणी वरून बसेल आणि खाऱ्याला खाली दाबेल. पावसाळ्यात रहाट उतरवून ठेवतात, दिवाळीनंतर पुन्हा चढवतात. तेव्हाच कळेल. तोवर पोफळींना शेजाऱ्यांच्या विहिरीचं पाणी. निघेपर्यंत रोजच्या चार कावडी मी घातल्या. साठांतल्या अकरा गेल्यात जमा आहेत. बाकीच्यांचा कोंब हिरवा आहे.

परतताना धरमतरला भरती पाहून पोचलो. पाय सुके राहिले.

घरी येऊन आठ दिवस झाले. खांदा अजून दुखतो. विष्णुपंतांनी निघताना माझं ते चार पानी पत्र मला परत दिलं नाही. देवघराच्या फळीवर जपून ठेवलं आहे, चित्रासकट. ते मला फार लागलं. चुकलं ते चुकलंच, पण माझ्याच माणसांनी माझं मन राखायला शेजाऱ्यांकडचं पाणी आणून मला पाजलं, आणि मी ते आपल्याच विहिरीचं म्हणून गटागटा प्यायलो.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. नागावला गेलात की गोदेने दिलेलं गूळपाणी घ्या, पण आधी रहाटाच्या पन्हळीखाली ओंजळ धरा आणि चव जशी लागेल तशीच मला कळवा. दुसरी गोष्ट दिवाळीपर्यंत थांबणारी नाही. सदाशिवा, काढ्याने खोकला वाढला असेल तर तसं लिही. तेलाने सूनबाईंच्या पाठीवर पुरळ उठलं असेल, एरंडाची पानं तुझ्या आईने कधीच फेकून दिली असतील, गार पाण्याने बाळ्याला पडसं झालं असेल, तर तेही लिही. गेली कित्येक वर्षं तुमच्या पत्रांत 'सर्व क्षेम' एवढंच असतं, आणि मी ते खरं धरून चाललो आहे. या वेळी ते दोन शब्द नकोत. उलट टपाली उत्तर पाठवा. मी वाट पाहतो आहे.