न आलेला निरोप

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलो... तीन आठवडे झाले, अजून त्याच्यावरचा राग जात नाही. असं न सांगता जातात का?

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही दोघे नागपूरकडून वायरलेस ऑपरेटर म्हणून आलो. सुखदेव रोज सकाळी एका जुन्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडायचा आणि त्यावरचे काळे डाग पेन्सिलीने उतरवायचा. मोठा पुंजका दिसला की म्हणायचा, सूर्यावर भडका उडू शकतो, भरदिवसा वायरलेस बंद पडेल. दोनदा अंदाज साफ फसला. तेव्हापासून मी कँटीनमध्ये त्याच्यापुढे तळहात धरून भविष्य विचारायचो, आणि तो बिचारा हसायचा.

त्या वर्षी कालव्यातला गाळ काढायला उतई गावाकडचे मजूर उतरले होते. सुखदेव सेट घेऊन त्यांच्यापाशी, मी कित्येक कोस वर, तलावाच्या गेटवर. रीत अशी, की बाराला पाणी सुटायचं. मजूर बाहेर निघाले नसतील तरच खालून ‘थांबा’ म्हणून निरोप यायचा. निरोप नाही म्हणजे कालवा रिकामा. सुखदेवला हे मुळीच पटत नव्हतं, पण साहेबांनी त्याला उडवून लावलं. आदल्या दिवशी तो कागद घेऊन माझ्याकडे आला. पुंजका बिंबाच्या मधोमध होता.

“उद्या सेट मुका झाला तर गेट खोलू देऊ नको.”

“अन् नाही झाला तर?”

“तर हास मले. पन खाली मानसं हायेत, बापा.”

दुसऱ्या दिवशी साडेअकराला सेटमधली नेहमीची खरखरसुद्धा विरून गेली. बॅटरी पाहिली, एरियल पाहिली, सगळं ठाकठीक. हाका मारून घसा सुकला. गेटवाल्याचे हात चाकावर, साहेबांची नजर घड्याळावर. माझा सुखदेववर विश्वास होता असं आज म्हणणं सोपं आहे. खरं सांगतो, नव्हता. मी नुसता घाबरलो होतो.

“बारह बज गए. खोलो.”

मी हेडफोन कानावर दाबून धरला आणि खोटं बोललो, “साहब, मैसेज आया है. रुकने को बोल रहे हैं.”

सेट पुन्हा बोलला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. “पानी सोडलं का?” सुखदेव ओरडत होता. काम रेंगाळलं होतं, माणसं अजून गाळातच होती. “नाही,” म्हणालो.

संध्याकाळी दोन्हीकडची रजिस्टरं ताडून पाहणार होते. न आलेला निरोप रजिस्टरात लिहिणाऱ्या ऑपरेटरची नोकरीच गेली असती. “तू किती वाजता लिवला?” एवढंच त्याने विचारलं, आणि आपल्या रजिस्टरात तीच वेळ टाकली. स्वतःच्या फसलेल्या अंदाजापुढे ‘चुकला’ असं ठळक लिहिणारा हा माणूस! पुढे आम्ही तो विषय कधी काढला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुखदेवच्या कोहक्याच्या घरी वहिनींनी त्याच्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. त्या दिवसाच्या बिंबाखाली त्याचं बारीक अक्षर : ‘साडेअकरा. सेट बंद. निरोप गेला नाही.’

वहिनींनी ते दोनदा वाचलं. खालच्या निरोपामुळे गेट थांबलं, एवढंच त्यांनी तेव्हा ऐकलं होतं.

“भाऊजी, निरोप गेलाच नाही, तर गेट थांबवाले तुमाले सांगितलं कोनं?”

मी बिंबावरच्या पुंजक्यावर बोट ठेवलं.

“त्यानंच, वहिनी. आदल्या दिवशी.”