नव्या गव्हर्नरसाहेबांचा सत्कार

नववीच्या वर्गाला कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटाचे गव्हर्नर शिकवायचे, हे माझ्या वाट्याला आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. इतिहास हा माझा विषय. तालुक्याच्या कॉलेजात मी त्यातच बी.ए. केलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. लग्नानंतर ऑस्ट्रेलियात आले, काही वर्षं सुपरमार्केटमध्ये आणि मग चाइल्डकेअरमध्ये काम केलं. मुलगी शाळेत रुळल्यावर नवऱ्याने मागे लागून मला शिक्षकाच्या कोर्सला घातलं. त्या कोर्सचा शेवटचा टप्पा म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवणं. इथे त्याला सगळे प्रॅक म्हणतात. प्रॅकमध्ये पास झालं की तुम्ही शिक्षक. नापास झालं तर पुन्हा नवी शाळा, पुन्हा पहिल्यापासून.

शाळा ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या आमच्या घरापासून जवळच होती. ज्या शिक्षिकेच्या हाताखाली मला ठेवलं होतं त्या उंच, केस बारीक कापलेल्या आणि सतत काहीतरी खात बोलणाऱ्या होत्या. शाळेतला शिपाईसुद्धा त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचा. माझ्या जिभेला ते जमेना. मनातल्या मनात मी त्यांना बाई म्हणायचे आणि प्रत्यक्षात काहीच न म्हणता नुसती समोर जाऊन उभी राहायचे.

हेच बेट का, तर ब्रिस्बेनमध्ये नदीकाठी सेंट लुसिया नावाचं उपनगर आहे. त्या बेटावर जन्मलेल्या एका माणसाने इथे ऊस लावला आणि जागेला आपल्या बेटाचं नाव दिलं. मुलं हे नाव लहानपणापासून ऐकतात, त्यांना नाव कुठून आलं ते कळू दे, असं बाईंचं म्हणणं. मूळ बेटाची गोष्ट तर फारच चमत्कारिक आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी ते एकमेकांच्या हातून इतक्या वेळा हिसकावून घेतलं की पुस्तकं चौदा वेळा म्हणतात. प्रत्येक वेळी नवा झेंडा आणि नवा गव्हर्नर.

मी शनिवार-रविवार बसून तयारी केली. डाव्या रकान्यात फ्रेंच गव्हर्नर, उजव्या रकान्यात इंग्रज, प्रत्येकाचा काळ, कामगिरी, गुण आणि दोष. आम्हाला आमच्या सरांनी पेशवे असेच शिकवले होते आणि मला ते अजून पाठ आहेत. गव्हर्नरसुद्धा मी पाठ करून टाकले. भांडी घासताना म्हणत होते, तर मुलगी विचारायला आली, "आई, आर यू प्रेइंग?"

मंगळवारी तास झाला. मी फळ्यावर तक्ता काढला आणि सांगितलं, लिहून घ्या. कोणी लिहीना. त्यांच्यासमोर लॅपटॉप होते, आणि जे फळ्यावर आहे ते पुन्हा का लिहायचं हे त्यांना खरंच कळत नव्हतं. एकाने फळ्याचा फोटो काढला आणि बाकीच्यांना पाठवतो म्हणाला. मी तरीही आवाज चढवून एकेक गव्हर्नर सांगत गेले. पहिल्या बाकावरची एक मुलगी होती, जिला प्रत्येक गोष्टीवर बोलायचंच असायचं. कोणी शिंकलं तरी तिचं त्यावर मत असे. ती मधेच म्हणाली, "मिस, सॉरी, पण हे सगळे एकच माणूस वाटतायत. फक्त विग बदलतो." वर्ग हसला. मी म्हटलं, शांत बसा, हे परीक्षेत येईल. बाई मागून म्हणाल्या, परीक्षा नाहीये. मग मी नुसते गुणदोष वाचून दाखवले.

दुपारी स्टाफरूममध्ये बाईंनी मला समोर बसवलं. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त भीती वाटली. मला पुष्कळ येतं हे त्यांना दिसलं होतं. पण वर्गात काय चाललंय हे मी एकदाही पाहिलं नाही, मुलं नसती तरी माझा तास तसाच झाला असता, असं त्या म्हणाल्या. शेवटी हातातलं बिस्कीट खाली ठेवून त्यांनी सांगितलं, "शुक्रवारी हाच विषय परत घे. युनिव्हर्सिटीला मी रिपोर्ट त्या तासावरून लिहिणार आहे. आजच्यासारखा झाला तर मला पास लिहिता येणार नाही, आणि मला ते लिहायचंय."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो सॉफ्टवेअरमधला, त्याने लगेच लॅपटॉप उघडून नकाशे हलणारी स्लाइड करून देऊ का विचारलं. मी म्हटलं, अरे, स्लाइड नाही, मी चुकतेय. तो चहा करायला उठला. त्या चहाबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे, कारण तेवढ्या वेळात मी अण्णांना फोन लावला.

अण्णा म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीत शिपाई होते, आता रिटायर झालेत. त्यांना माझ्या अडचणीतलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्या दिवशी त्यांनाच काहीतरी सांगायची घाई होती. तालुक्याला नवे तहसीलदार आले होते, आदल्या दिवशी त्यांचा सत्कार झाला, आणि अण्णांना पहिल्यांदाच पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं होतं. नाहीतर जन्मभर त्यांनी त्या समारंभाला शाल आणायची, नारळ आणायचा, टेबलावर चादर अंथरायची. आमच्याकडे साहेबाची बदली झाली की निरोप आणि स्वागत एकाच मांडवात होतं. जाणाऱ्या साहेबाला हार, येणाऱ्या साहेबाला हार. दोन शब्द बोलतो म्हणून कोणीतरी माईक घेतं आणि अर्धा तास सोडत नाही.

"भाषण कुणी केलं?" मी विचारलं.

"मुख्याध्यापकांनी. दुसरं कोण."

"तेच भाषण?"

"अगं, शब्द न् शब्द तोच. असा कर्तव्यदक्ष अधिकारी तालुक्याला लाभला नव्हता. मागच्या साहेबाला हेच म्हणाले होते आणि तो शेजारीच बसला होता."

मी इतकी हसले की नवरा किचनमधून डोकावला. फोन ठेवला तेव्हा शुक्रवारचा तास माझ्यापुढे उभा होता. बेटावर गव्हर्नर यायचा तेव्हा असाच सत्कार होत असणार. बंदरावर लोक उभे, तोफा, भाषण, आणि महिन्या-वर्षांनी दुसरा झेंडा, पुन्हा तेच लोक, तेच भाषण. मुलांनाच बेट करायचं. कोणी पाववाला, कोणी पाद्री, कोणी बंदरावरचा व्यापारी, कोणी मळ्याचा मालक. गव्हर्नर येतील आणि जातील आणि लोक तिथेच राहतील. साहेब बदलला तरी सामान्य माणसाचं काही बदलत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यायचं. हे मला कचेरीच्या अंगणात खेळताना कळलं होतं, आणि ते सांगायला मिळणार म्हणून मी खूश होते.

बाईंनी बेत वाचला. एकच अट घातली. त्या बेटावर बहुतेक माणसं गुलाम होती, उसाच्या मळ्यांवर राबणारी. वर्गातल्या कुठल्याही मुलाला गुलामाची भूमिका द्यायची नाही. मी म्हटलं, त्यांना सत्काराला कोण बोलावणार होतं, म्हणून मी ती भूमिका ठेवलेलीच नाही. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ठीक आहे म्हणाल्या.

शुक्रवारी मी शाल नेली, इंडियन शॉपमधून नारळ घेतला आणि गणपतीच्या डेकोरेशनमधली प्लास्टिकच्या झेंडूची माळ काढून पिशवीत टाकली. प्रत्येक राजवटीवर चार-चार ओळी लिहिलेला एक कागद सगळ्यांना वाटला. चिठ्ठ्या काढल्या. एक गोलमटोल, हसरा मुलगा गव्हर्नर झाला, आणि सगळे गव्हर्नर त्यालाच करायचे होते. पहिल्या बाकावरच्या मुलीला भाषण मिळालं. दुसरं कोणाला मिळालं असतं तर तिने करू दिलं नसतं.

पहिला फ्रेंच गव्हर्नर दारातून आत आला. मी शाल कशी पांघरायची, नारळ कसा दोन्ही हातांनी द्यायचा हे दाखवलं. भाषण झालं, असा शहाणा गव्हर्नर या बेटाला कधी लाभला नव्हता. टाळ्या. मग मी म्हटलं, इंग्रज आले. तोच मुलगा बाहेर गेला, टोपी उलटी घालून इंग्रज होऊन आत आला. तीच शाल, तेच भाषण. तिसऱ्या वेळेला भाषण सगळा वर्गच एका सुरात म्हणू लागला. पाववाला म्हणाला, "मेट, मी अजून पावच भाजतोय." मागे बसलेल्या बाई हसताना मला दिसल्या. मी मनात म्हटलं, जमलं.

आता फक्त शेवटचं वाक्य बोलायचं राहिलं होतं. मी विचारलं, मग सांगा, गव्हर्नर बदलल्याने बेटावर काय बदललं? मला हवं असलेलं उत्तर तीन-चार मुलांनी दिलं. काही नाही.

"तसं नाहीये, मिस," पहिल्या बाकावरची म्हणाली. तिच्या हातात मीच दिलेला कागद होता. "इथे लिहिलंय. फ्रान्समध्ये क्रांती झाली, तिकडून माणूस आला आणि त्याने सगळ्या गुलामांना सोडलं. मग इंग्रज परत आले आणि त्यांना पुन्हा गुलाम केलं." तिने वर पाहिलं. "पाववाल्याला फरक पडला नाही. त्या लोकांना तर गव्हर्नर कोण आहे यावरच सगळं होतं. ते पार्टीत नव्हते म्हणून आपण त्यांना मोजलंच नाही."

त्या ओळी मीच लिहिल्या होत्या. मंगळवारच्या तक्त्यातही त्या होत्या, कामगिरीच्या खाली. मी त्या भांडी घासताना पाठ म्हटल्या होत्या. मी नारळ हातात घेऊन उभी राहिले. आमच्या शाळेत विद्यार्थ्याने सरांच्या निष्कर्षाला हरकत घेतली असती तर सर म्हणाले असते, खाली बस, आणि सरांचा मान राहिला असता. मी बाईंकडे पाहिलं. त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. रिपोर्ट तिथेच लिहिला जात होता हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी सत्काराला आलेल्यांकडूनच सगळं पाहिलं. माझी आजची गोष्ट त्यामुळे चुकीची झाली."

 पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. इंग्रज गव्हर्नर माळ घालून अजून दारात उभा होता, तेव्हा मी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, हा तोच गव्हर्नर आहे, सुटलेल्यांना परत मळ्यावर पाठवणारा. याचा सत्कार करायचा का?

मग जे भांडण लागलं ते मला आवरता आलं नसतं, आणि मी आवरलंही नाही. पाववाला म्हणाला, करावाच लागेल, त्याचे सैनिक दुकानासमोर उभे आहेत. मळ्याचा मालक झालेला मुलगा हळूच म्हणाला की त्याला तर आनंदच झाला असणार, आणि हे बोलून स्वतःच ओशाळला. पाद्री झालेली मुलगी म्हणाली, तिला आजारी आहे असं सांगून घरी बसता येईल का. गव्हर्नर कुरकुरला, "मी अजून काही केलंच नाहीये. मी आत्ता बोटीवरून उतरलोय."

"करशील," भाषणवाली म्हणाली. "कागदावर आहे."

हशा झाला, पण गव्हर्नरने अंगावरची शाल काढून घडी घातली आणि टेबलावर ठेवली. पाववाल्याला ते पटलं नाही, त्याने ती परत उचलली. बेल झाली तेव्हा दोघे शालीची दोन टोकं धरून वाद घालत होते.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या सरळ करू लागले. बाई केळं सोलत जवळ आल्या. रिपोर्ट सोमवारी पाठवणार, पण पास आहे, तुझा वीकएंड खराब करायचा नाही म्हणून आत्ताच सांगते, असं त्या म्हणाल्या. मला रडू यायला लागलं, तर त्यांनी अर्धं केळं माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "तू खूप वेळ गप्प उभी होतीस. मला वाटलं आता मला उठावं लागणार." गुलामांना सत्काराला कोण बोलावणार असं मी म्हटलं तेव्हाच त्यांना खटकलं होतं. मग बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मुलं विचारतील असं वाटलं होतं, आणि विचारलं नसतं तर शेवटी मी विचारणारच होते.

घरी नवऱ्याने आणि मुलीने मिळून बाहेरून जेवण मागवलं होतं. अण्णांना फोन केला. मी आता शिक्षक आहे हे ऐकताच त्यांनी फोन आईकडे दिला, आणि मागे शेजाऱ्यांना मोठ्याने सांगतानाचा त्यांचा आवाज मला ऐकू येत राहिला.

सोमवारी पुन्हा नववीचा तास होता. मी हजेरी घ्यायच्या आत पहिल्या बाकावरचा हात वर झाला. "मिस, ज्यांना परत गुलाम केलं ते गेले का मळ्यावर? मी वीकएंडभर विचार करतेय. मी नसते गेले."

"पुष्कळ जण गेले नाहीत," मी म्हटलं. "जंगलात गेले आणि तिथून लढले. त्यातलं मला थोडं माहीत आहे, सगळं नाही."

पाववाल्याने लॅपटॉप मिटला. मी टेबलाच्या कडेला टेकले आणि जेवढं माहीत होतं तेवढं सांगायला सुरुवात केली.