चाचांचा पीसीओ

आमच्या कडेगावातल्या मेडिकलवाल्या चाचांची कुजबूज म्हणजे लोणंद स्टेशनात गाडी थांबवील एवढी मोठी. गिऱ्हाइकाचं गुपित ते काउंटरवर वाकून, तोंडाशी हात धरून अख्ख्या रांगेला ऐकवतात.

माझ्या हनुवटीवर तेव्हा मुरुमांचा असा घाट चढला होता की बघताना आरशाला चक्कर यायची. डॉक्टरीणबाईंनी पाळीची गडबड म्हणून जेल आणि हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या त्याच, पाळणा लांबवायच्या, आणि मी बिनलग्नाची! चिठ्ठी सरकवत मी पुटपुटले, "चाचा, पीसीओएस हाय."

"पीसीओ?" चाचा कुजबुजले आणि रस्त्यावरची म्हैस दचकली. "त्यो कवाच बंद केला की गं पोरी! आता कोण डब्यात रुपाया टाकून फोन करतंय?"

मग त्यांनी चिठ्ठी वाचली आणि जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं गुपित रांगेपासून लपवून मुठीत धरलं.

तेवढ्यात मागून शेजारच्या काकूंची मान लांब झाली. "कसल्या गोळ्या गं घेतीस?"

माझे मुरूमसुद्धा पांढरे पडले. काकूंना कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत पाटणला माझ्या बाळाच्या बारशाचं आमंत्रण पोचलं असतं.

चाचांनी गोळ्या खाकी पाकिटात घातल्या, पाकिटाला चार पिना मारल्या आणि ते गरजले, "आवं वैनी, कसल्या गोळ्या? पोरगी पीसीओ टाकतीया! माझा जुना लाल डबा मागाय आलीया."

आता मुरूम निम्मे उतरलेत. काकू मात्र भेटतील तिथं विचारतात, "डबा कवा बसवतीस गं? मी बरणीभर सुट्टे रुपये जमवून ठेवल्यात."