बन्सीधरची विनापरवाना गाडी

ताडकळसच्या बन्सीधरनं वीस वर्षं काळीपिवळी जीप चालवली, पण खाकी कपड्याला तो कधी भ्याला नाही. भीती त्याच्या अंगात शिरली ती व्हॅन घेतल्यापासून.

शेजारच्या लिंबाजीची पोरगी राजेश्री ऊसतोडीला गेली असताना ट्रॅक्टरवरून पडली. कमरेखालचं अंग गेलं, पुढं किडन्याही बिघडल्या. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. बाप तिला उचलून जीपमध्ये ठेवायचा. एकदा ती त्याच्या हातातून निसटून खडीवर पडली. ते पाहिलं आणि बन्सीधरनं जीप विकून जुनी व्हॅन घेतली, वेल्डरकडून मागं लोखंडी उतरण बसवली. आता राजेश्री चाकाच्या खुर्चीसकट आत जाऊ लागली.

टॅक्सीच्या परवान्यासाठी आरटीओत अर्ज केला त्याला चौदा महिने झाले. गाडीत बदल केलाय म्हणून आधी त्याची मंजुरी आणा, असं एका टेबलावर सांगत. मंजुरीच्या टेबलावर म्हणत, असली टॅक्सी आमच्या यादीतच नाही. डायलिसिस मात्र थांबत नव्हतं. म्हणून तो तशीच गाडी काढायचा, आणि लांबून आरटीओची पांढरी जीप दिसली तरी त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

श्रावणातल्या एका मंगळवारी निम्म्या वाटेवर एका जीपवाल्याचा फोन आला, पुढं पुलापाशी तपासणी चालू आहे. बन्सीधरनं गाडी शेतातल्या पाणंदीत घातली. अर्ध्या कोसावर काळ्या चिखलात चाक रुतलं. लिंबाजी उतरून ढकलू लागला. आरशात बन्सीधरला राजेश्री दिसली. चेहरा सुजलेला, श्वास तोकडा.

"काका," ती म्हणाली, "गाडी धरली तर धरू द्या. मला हितं मरायचं न्हाई."

आपण तिला नाही, स्वतःला वाचवायला या वाटेनं आलो, हे त्याला तेव्हा कळलं. चाकाखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घालून गाडी निघाली. तो मागं फिरला आणि नीट पुलावर जाऊन उभा राहिला.

तपासणीवर बाई अधिकारी होत्या. त्यांनी परवाना मागितला. बन्सीधरनं अर्जाची पोच पुढं केली. बाईंनी मागचं दार उघडलं, राजेश्रीकडं पाहिलं, आणि एका शिपायाला गाडीत बसवलं. आधी दवाखाना, मग गाडी जमा, एवढंच बोलल्या.

राजेश्री वाचली. संध्याकाळी बापानं तिला उचलून भाड्याच्या टेम्पोत घातलं तेव्हा ती कण्हत होती, आणि बन्सीधर रिकाम्या हातानं बाजूला उभा होता.

प्रवासी बसवणार नाही असं लिहून दिल्यावर गुरुवारी गाडी सुटली. परवान्याचा पत्ता नव्हताच. शुक्रवारी सकाळी लिंबाजी खुर्ची ढकलत दारात आला, पण गाडी काढ असं म्हणायची त्याला हिंमत होईना. बन्सीधरनंच उतरण खाली सोडली. मग पुढं बसून चावी फिरवली.

"आज डांबरी रस्त्यानंच जायचं," तो म्हणाला.