शेवट न पाहिलेले सिनेमे

माझा थोरला भाऊ, दादा, गेल्यावर त्याच्या कपाटातल्या डीव्हीडी मी मोजल्या. एकशे चौऱ्याऐंशी सिनेमे निघाले. प्रत्येक कव्हरात दादाच्या अक्षरातली चिठ्ठी होती आणि तिच्यावर फक्त मिनिटांचा आकडा. अठ्ठ्याण्णव, एकशे बारा, एकशे एकतीस. काही मेळ लागेना, म्हणून वहिनीला विचारलं.

"सिनेमात कुणी मरायला टेकलं की तिथेच बंद करायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, आपण पुढे बघितलंच नाही, तर तो मेला कुठे? मी चिडवायचे, यमाचे कारकून आहात का!"

म्हणजे या कपाटात एकशे चौऱ्याऐंशी माणसं अजून जिवंत होती. ज्याला मी जन्मभर कोरडा समजलो, तो त्यांना राखत बसला होता.

सगळ्यात खाली दादाच्या साठीच्या समारंभाची सीडी होती. तिच्यातही चिठ्ठी होती. आकडा एकेचाळीस, अक्षर मात्र वहिनीचं. मी ती लावली. एकेचाळिसाव्या मिनिटाला दादा गळ्यातला हार काढून ठेवतो, उठतो आणि दाराकडे वळतो.

"भावजी, पुढे नका जाऊ," मागून वहिनी म्हणाली.

मी बंद केलं. कपाटाचं दार लावताना पूर्ण लावायचा धीर होईना. दोन बोटं फट ठेवली.