बंब उभा असल्याशिवाय

ती धावपट्टी मुळात लढाईच्या धामधुमीत सैन्याने घाईघाईत बांधलेली. लढाई संपली, सैन्य तंबू गुंडाळून गेलं, पट्टी काही गुंडाळता येईना म्हणून मागे राहिली. बरीच वर्षं तिच्यावर गुरं बसली. मग टपालाचं विमान उतरू लागलं, आणि त्याच्या मागोमाग प्रवाशांचं. दोन पंख्यांचं, लहानखुरं, वाऱ्यात जरा जास्तच हलणारं. शेजारी पत्र्याच्या छताची एक इमारत उभी राहिली आणि गावाला विमानतळ मिळाला.

त्या इमारतीच्या कोपऱ्यात तिचा आणि तिच्या नवऱ्याचा चहाचा गाळा होता. परदेशी शिकायला निघालेली मुलं, मोठ्या दवाखान्यात जाणारे रोगी, नमुन्यांच्या पेट्या सांभाळणारे व्यापारी, सगळे तिच्या हातचा चहा पिऊनच उडायचे. नवरा गाळ्यावर बसायचा आणि ती दूध आणायला टेम्पो घेऊन जायची. तिच्या वडिलांचा पाण्याचा टँकर होता, त्यामुळे जड गाडी तिच्या अंगवळणी पडलेली. नवरा मात्र सायकलवरही जपून बसायचा.

मग मोठ्या शहरात आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. तिकडे जायला रुंद रस्ताही झाला. लोक म्हणाले, इथून उडून तिथे उतरण्यापेक्षा मोटारीनेच जाऊ. विमान आधी रोज यायचं, मग आठवड्यातून दोनदा, मग येईनासंच झालं. अधिकारी, हमाल, बंबवाले सगळ्यांची बदली झाली. गाळ्याला कुलूप लागलं. नवऱ्याला बसस्थानकाच्या उपाहारगृहात काम मिळालं आणि ती घरोघरी डबे पोचवू लागली. धावपट्टीच्या भेगांतून गवत उगवलं, ते कमरेएवढं झालं तरी कुणी कापलं नाही.

रस्त्याचं कौतुकही फार टिकलं नाही. घाटात दरड कोसळली की गाव दोन-दोन दिवस अडकून पडायचं. एकदा बाळंतपणाला नेत असलेली शेजारची लेक वाटेतच दगावली, तेव्हा साऱ्या गावाने धडा घेतला. अर्ज झाले, मोर्चे झाले, आणि शेवटी विमानतळ पुन्हा सुरू करायचं ठरलं. नवे व्यवस्थापक आले. गवत निघालं, डांबर पडलं, इमारतीला रंग लागला. पण घोडं एका ठिकाणी अडलं. धावपट्टीशेजारी आगीचा बंब आणि तो चालवणारी शिकलेली माणसं तयार उभी असल्याशिवाय प्रवासी विमान उतरवता येत नाही, असा नियम. बंब आला होता. माणसं येईनात. एवढ्याशा गावात बदली कोण मागून घेणार? व्यवस्थापकांनी हात टेकले आणि गावातूनच माणसं घ्यायची परवानगी आणली.

तिने अर्ज केला तेव्हा नवऱ्याला वाटलं, चेष्टाच करतेय. त्याने वयाची आठवण करून दिली. गुडघे कुरकुरतात, हेही बोलून दाखवलं. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, "गुडघे बंब चालवतात का?"

शिकायला तिला त्याच मोठ्या विमानतळावर पाठवलं. तिकडची अग्निशमन चौकीच गावच्या विमानतळापेक्षा मोठी. बंब चालवण्याच्या परीक्षेत तिने पहिल्याच दिवशी शाबासकी मिळवली. खरी कसोटी पुढे होती. मैदानात विमानाचा लोखंडी सांगाडा होता, त्यात आग पेटवायची, धूर कोंडायचा, आणि आत जाऊन माणसाच्या वजनाचा पुतळा ओढून आणायचा. तिने चंदेरी पोशाख चढवला, मुखवटा लावला, दारातून आत दोन पावलं टाकली आणि तिची पाचावर धारण बसली. काही दिसेना. स्वतःचाच श्वास कानात घुमू लागला. ती उलट्या पावली बाहेर आली.

संध्याकाळी तिने घरी फोन लावून सांगितलं की हे आपल्याच्याने होणार नाही, मी परत येते. नवरा म्हणाला, ये, त्यात काय एवढं. मग सासूबाईंनी फोन मागून घेतला.

"यायचं तर ये," त्या म्हणाल्या. "पण आज नको. आज तू घाबरून येशील. उद्या काय ते ठरवून ये."

सकाळी ती सामान न बांधताच मैदानावर गेली. शिकवणाऱ्या प्रमुखांना सगळे उस्ताद म्हणत. ते तिला आधी चौकीच्या गच्चीवर घेऊन गेले. खाली देशोदेशींची विमानं रांगेत उभी होती, एकेक तिच्या गल्लीएवढं लांब.

"ही भरतात कुठून, सांगा बरं," उस्ताद म्हणाले. "निम्मी माणसं तुमच्यासारख्या गावांतली. तिकडून कुणी निघालंच नाही, तर इथे बसणार कोण?" मग मैदानातल्या सांगाड्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आणि बाई, धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. एक हात खुर्च्यांच्या पाठींवर ठेवा. खुर्ची मोजत जा, खुर्ची मोजत या."

त्या दिवशी पुतळा बाहेर आला. दारात दोनदा आपटला, त्याचा एक बूटही आतच राहिला, पण आला. तिने मुखवटा काढला तेव्हा चेहरा घामाने निथळत होता आणि ती हसत होती. उस्तादांनी बुटाबद्दल तेवढा टोमणा मारून घेतला.

गावात पहिलं विमान आलं तेव्हा कुंपणाला माणसांची ही गर्दी. नव्या विमानाचं स्वागत दोन बाजूंनी पाण्याची कमान करून करतात. इथे बंब एकच, त्यामुळे कमान अर्धीच झाली. तिच्या खालून विमान संथपणे पुढे गेलं. बंबाच्या चाकामागे बसलेल्या तिला आनंदाने हुंदका आला, आणि शेजारच्या सहकाऱ्याने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर गाव तिला बंबाताई म्हणू लागलं. काम म्हणाल तर रोज वाट पाहायची. विमान उतरताना गाडी सुरू ठेवून उभं राहायचं, काही होत नाही ते पाहायचं, आणि परत जायचं. दिवसामागून दिवस काही व्हायचं नाही, आणि त्यातच सगळ्यांचं समाधान होतं.

पुढच्या वर्षी सासूबाईंच्या छातीत दुखू लागलं. मोठ्या शहरात दाखवायचं ठरलं. एरवी तो रस्ता त्यांना झेपलाच नसता; विमानाने मुलाबरोबर अर्ध्या दिवसात गेल्या, उपचार झाले, आणि आठवड्याने परत निघाल्या. विमान यायच्या वेळी बंबाताई कामावरच होती.

विमान उतरलं ते नीटच. पण वेग कमी होता होता डाव्या चाकाजवळून धूर निघाला, आणि पाठोपाठ ज्वाळेची जीभ. नियंत्रण मनोऱ्यातून हाक यायच्या आत बंब निघाला होता.

आत कोण बसलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी हात काम करत राहिले. तापलेलं चाक फुटलं तर बाजूला उडतं, म्हणून तिने बंब समोरच्या अंगाने नेला. सहकारी उडी मारून खाली उतरला, ती नळी घेऊन त्याच्या मागे. कोरड्या भुकटीचा फवारा चाकावर बसला. ज्वाळा विझली, पुन्हा डोकावली, पुन्हा विझली. उजवीकडच्या दाराने प्रवासी उतरू लागले होते. तिने एकदाही मान वळवली नाही. चाक पुन्हा पेटत नाही याची खात्री होईपर्यंत ती तिथेच, नळी रोखून उभी राहिली.

मग व्यवस्थापकांनी येऊन सांगितलं की सगळे सुखरूप आहेत, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. ती प्रवाशांकडे गेली. सासूबाई गवताच्या कडेला पिशवीवर बसल्या होत्या, नवरा त्यांना वारा घालत होता. चंदेरी पोशाखातली आकृती जवळ आली तशा सासूबाई म्हणाल्या, "दादा, आमची सून इथेच असते, तिला जरा निरोप द्या हो, आम्ही बरे आहोत म्हणून."

तिने मुखवटा काढला. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा काजळलेला हातमोजा दोन्ही हातांत धरून ठेवला.

चाक बदलून विमान दुसऱ्या दिवशी गेलं. चौकशीत ब्रेक अडकल्याचं निघालं. आता गावात धावपट्टी लांबवण्याचं काम चालू आहे, दुसरा बंब आला आहे, आणि भरतीत गावातल्या दोन मुली लागल्या आहेत. त्या बंबाताईच्या हाताखाली शिकतात आणि तिच्या ओरडण्याच्या नकला करतात, असं ती स्वतःच सांगते.

सहा महिन्यांनी सासूबाईंना पुन्हा तपासणीला जायचं होतं. आता त्या मोटारच मागणार, असं धरून नवऱ्याने गाडी ठरवून ठेवली होती. सासूबाईंनी ती परत पाठवली.

"विमानानेच जाईन," त्या म्हणाल्या. "खाली कोण उभं आहे ते मला माहीत आहे."

त्यांचं विमान ढगात दिसेनासं झालं, तेव्हा बंबाताईने गाडी चौकीत आणली, बाह्या सरसावल्या आणि दोन्ही मुलींना हाक मारून बंब धुवायला घेतला.